गुंतणे आणि गुंतवणे : कलासंस्था, समाजमाध्यमे आणि मूक प्रेक्षक

मराठी समीक्षेने लेखक, कलाकृती आणि आस्वादक या तिघांचा विचार गेल्या शतकभरात पुष्कळ केला. या तिघांची गाठ जी घालून देते त्या संस्थेचा विचार मात्र तिने बहुधा इतिहासलेखकांवर आणि गौरवग्रंथांच्या संपादकांवर सोपवून दिला. नाट्यमंडळ, संगीतसभा, वाङ्मय मंडळ, व्याख्यानमाला, ग्रंथालय यांना आपण कलाव्यवहाराची चौकट मानत आलो आणि चित्र पाहताना चौकटीकडे दुर्लक्ष व्हावे तसे आपले झाले. वस्तुतः कलेचा प्रेक्षक कोण, त्याला कोणत्या शब्दांत बोलवावयाचे, त्याच्याकडून कशाची अपेक्षा करावयाची आणि तो आला नाही तर त्याची विचारपूस करावयाची की नाही, हे निर्णय कलावंत क्वचितच घेतो. ते संस्था घेते. हे निर्णय व्यवस्थापनाचे म्हणून ओळखले जातात. परंतु ते मुळात नैतिक स्वरूपाचे आहेत असे प्रस्तुत लेखकाला वाटते. समाजमाध्यमांच्या आगमनानंतर तर त्यांचे हे स्वरूप झाकून ठेवणे कठीण झाले आहे.

विवेचनाला भूमी हवी म्हणून मी जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे घेतो. येथील संस्थाजीवन जुने आहे. मराठी साहित्य संमेलन जळगावी १९३६ मध्ये माधव जूलियन यांच्या आणि १९८४ मध्ये शंकरराव खरात यांच्या अध्यक्षतेखाली भरले. धुळ्यास १९४४ मध्ये मामा वरेरकर अध्यक्ष होते. अमळनेरने १९५२ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांना आणि २०२४ मध्ये रवींद्र शोभणे यांना अध्यक्षस्थानी पाहिले. राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासून धुळ्यात आहे. केवळ कवितेला वाहिलेले ‘कवितारती’ हे नियतकालिक पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये धुळ्यातूनच सुरू केले. जळगावात बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, ‘परिवर्तन’सारखी संस्था नाट्यप्रयोग करते, तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला चालतात. पुण्या-मुंबईच्या संस्थांच्या मागे उभे राहणारे प्रायोजक आणि वृत्तपत्रांच्या पुरवण्या यांपैकी फार थोडे येथील संस्थांच्या वाट्याला येते. अशा प्रदेशात बिनखर्चाचे, घरोघर पोहोचणारे माध्यम येऊन दाखल झाले तर संस्थांनी ते दोन्ही हातांनी उचलावे हे स्वाभाविक होय. २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने प्रेक्षागृहे बंद केली. आणि ज्या मंडळांनी तोवर फेसबुकचे पान हौसेखातर उघडून ठेवले होते त्यांना ते एकमेव रंगपीठ उरले. प्रेक्षागृहे पुन्हा उघडली, परंतु मधल्या काळात जडलेली सवय गेली नाही.

मी एका नाट्यसंस्थेच्या कार्यकारिणीवर काही वर्षे होतो. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. तिचे जुने वार्षिक अहवाल मी एकदा सलग वाचून काढले. पूर्वीच्या अहवालांत ‘रसिकांनी गर्दी केली’, ‘पावसामुळे उपस्थिती बेताची होती’, ‘दुसऱ्या अंकानंतर काही मंडळी उठून गेली’ अशी वाक्ये आढळतात. (शेवटचे वाक्य अहवालात लिहिणाऱ्या त्या चिटणिसांविषयी मला आदर वाटतो.) अलीकडच्या अहवालांत पाऊस नाही आणि उठून जाणारी मंडळीही नाहीत. तेथे पोहोच, प्रतिसाद, पसंती आणि अनुयायी यांचे आकडे आहेत. एका बैठकीत आमच्या तरुण सहकाऱ्याने या साऱ्या खटाटोपाचे उद्दिष्ट एका वाक्यात सांगितले : रसिकांना सतत गुंतवून ठेवणे. इंग्रजीतील ‘एंगेजमेंट’ या शब्दाला त्याने ऐनवेळी शोधलेला हा पर्याय होता. मला तो फार अचूक वाटला, आणि त्याच्या अचूकपणामुळेच मी अस्वस्थ झालो.

‘गुंतणे’ हे मराठीत अकर्मक क्रियापद आहे. प्रेक्षक नाटकात गुंततो, श्रोता बंदिशीत गुंततो. या वाक्यांत तो कर्ता आहे. गुंतणे ही त्याची क्रिया आहे, ती त्याच्याकडून कोणी करवून घेतलेली नाही. किंबहुना ती ठरवून करता येत नाही म्हणूनच तिला मोल आहे. ‘गुंतवणे’ या रूपात कर्ता बदलतो. आता संस्था गुंतवते आणि प्रेक्षक वाक्याच्या कर्मस्थानी जाऊन बसतो. कलाकृतीनेही रसिकाला गुंतवावे असे आपण म्हणतो, हे खरे. पण तेथे गुंतवणारी कलाकृती असते आणि तिसरी घंटा झाल्यापासून पडदा पडेपर्यंत तिची मुदत असते. ‘गुंतवून ठेवणे’ या संयुक्त क्रियापदाला मुदत नाही. प्रयोग नसतानाही, कलाकृतीच समोर नसतानाही, हे ठेवणे चालू राहावयाचे असते. आणि यातून जे नाम सिद्ध होते ते ‘गुंतवणूक’; ते तर मराठीने कधीच पेढीच्या स्वाधीन करून टाकले आहे.

संबोधनाचीही अशीच गोष्ट झाली आहे. मराठी रंगभूमीने आपल्या प्रेक्षकाला ‘मायबाप’ म्हटले. हा शब्द निर्दोष नाही. आपण सरकारलाही मायबाप म्हटले आणि सावकारालाही. तरी त्यात एक नाते गृहीत आहे : संस्था ऋणी आहे आणि प्रेक्षक रागावू शकतो. आता त्याच प्रेक्षकाला अनुयायी म्हणतात. मराठीत अनुयायी पंथाला असतात, पुढाऱ्याला असतात. नाट्यमंडळाला अनुयायी असावेत ही कल्पना कोणाला सुचली नव्हती. मायबापाचा अनुयायी झाला तेव्हा कोणी कोणाच्या मागून जावयाचे हा क्रमच उलटला, आणि याची नोंद एकाही कार्यकारिणीच्या इतिवृत्तात झाली नाही. नेमाड्यांनी लेखकाचा लेखकराव का होतो असे विचारले होते. त्याच चालीवर रसिकाचा आकडा का होतो हेही विचारावयास हवे.

येथे एका सोप्या उत्तरापासून सावध राहावयास हवे. मोजणी वाईट आणि अनुभूती थोर, असे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. कारण प्रेक्षकाच्या प्रतिसादाची मोजणी आपल्या परंपरेत पूर्वीपासून आहे. नाट्यशास्त्राच्या २७व्या अध्यायात भरताने प्रयोगाच्या सिद्धीचा विचार केला आहे. मानुषी सिद्धीचे त्याने दोन प्रकार मानले, वाङ्मयी आणि शारीरी. प्रेक्षक स्मित करतो, हसतो, ‘साधु’ म्हणतो, ‘अहो’ म्हणतो, करुण प्रसंगी ‘कष्टम्’ म्हणतो, मोठ्याने घोष करतो, ही वाङ्मयी सिद्धी. त्याच्या अंगावर रोमांच उठतात, तो आसनावरून उठतो, अंगावरचे वस्त्र किंवा बोटातली अंगठी नटाकडे टाकतो, ही शारीरी. प्राश्निकांनी सिद्धी आणि घात यांची नोंद ठेवावी आणि त्यावरून पताका द्यावी अशीही तेथे व्यवस्था आहे. घातांच्या यादीत प्रतिपक्षाच्या माणसांनी केलेला गोंगाट आहे आणि त्यांनी रंगपीठावर फेकलेले शेणही आहे. आजच्या समाजमाध्यमावरचा अंगठा, बदाम, हसरा चेहरा आणि रडका चेहरा ही सगळी मंडळी भरताला ओळखीची वाटली असती. शेण फेकणारे तर निश्चितच वाटले असते.

परंतु भरताने मानुषी सिद्धीच्या वर दैवी सिद्धी ठेवली. तिचे लक्षण असे की रंगमंडप पूर्ण भरलेला आहे, शब्द नाही, क्षोभ नाही, उत्पात नाही. मंडप भरलेला असणे ही मोजता येणारी बाब आहे हे मान्य. तथापि भरलेल्या मंडपातली नि:शब्दता मोजता येत नाही. ती हजर असणाऱ्यालाच कळते. प्रतिसादाच्या सर्व खुणा सांगून झाल्यावर या शास्त्रकाराने श्रेष्ठ स्थान दिले ते खूण न उरणाऱ्या अवस्थेला, ही गोष्ट मला आजच्या संदर्भात फार महत्त्वाची वाटते. समाजमाध्यमाची रचना दैवी सिद्धी ओळखूच शकत नाही. तेथे जो गप्प राहिला तो नव्हताच. एखाद्याने कविता वाचली, फोन खाली ठेवला आणि तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला, तर माध्यमाच्या हिशोबात तो सोडून गेला. ज्या संस्था हा हिशोब स्वतःचा म्हणून स्वीकारतात त्या हळूहळू कार्यक्रमही त्या हिशोबाजोगे निवडू लागतात. दोन मिनिटांत टाळी घेणारा नाट्यप्रवेश, ओळखीची ओळ असलेली कविता, निवेदकाचा विनोद. कोणी दुष्टपणाने हे करीत नाही. आकडा समोर असतो आणि शांतता समोर नसते, एवढेच.

मी हे सारे दूर उभे राहून लिहीत नाही. आमच्या त्या संस्थेच्या प्रयोगांना एक वृद्ध गृहस्थ नेमाने येत. धुळ्याच्या कापडगिरणीत त्यांनी नोकरी केली होती. देणगी प्रवेशिका घेत, डाव्या बाजूच्या कडेच्या खुर्चीवर बसत, नाटक संपल्यावर कोणाशी न बोलता सायकल घेऊन निघून जात. त्यांनी कधी टाळी वाजविल्याचेही मला आठवत नाही. एका हिवाळ्यात आमच्या प्रयोगाचे ठिकाण आदल्या दिवशी बदलावे लागले. आम्ही ते फेसबुकवर टाकले, व्हॉट्सअ‍ॅपच्या चार समूहांवर टाकले, आणि दोन तासांत सर्वांना कळले याबद्दल एकमेकांचे अभिनंदन केले. पूर्वी अशा वेळी रिक्षावर भोंगा लावून गावातून फिरवीत. मूळ नाट्यगृहाच्या दारात एक माणूस उभा करीत. त्या दिवशी दारात माणूस उभा करावयाचा राहिला, कारण त्याची आवश्यकता कोणालाच वाटली नाही. मलाही नाही. आठवड्याने ते गृहस्थ मला भाजीबाजारात भेटले. ते वेळेवर गेले होते, फाटक बंद होते, अर्धा तास थांबून परत आले. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “माले कोनी सांगं नही, सर,” एवढेच ते म्हणाले.

प्रयोगाला त्या दिवशी गर्दी चांगली होती. आमच्या कोणत्याही आकड्यात हे गृहस्थ वजा झाल्याचे दिसले नसते, कारण ते कोणत्याही आकड्यात जमा नव्हते. येथे नीतीचा प्रश्न नेमका कोठे उद्भवतो हे पाहावयास हवे. कार्यक्षमतेच्या दृष्टीने आमचा निर्णय योग्यच होता. जास्तीत जास्त लोकांपर्यंत कमीत कमी वेळात निरोप गेला होता. परंतु संस्थेचे प्रेक्षकाशी नाते हे समूहाशी आहे की एकेका माणसाशी, असे विचारले की कार्यक्षमतेचा मुद्दा अपुरा पडतो. रेमंड विल्यम्सने १९५८ मध्येच दाखवून दिले होते की जनसमूह अशी वस्तू जगात नसते. इतरांना जनसमूह म्हणून पाहण्याच्या रीती तेवढ्या असतात. प्रेक्षकवर्गही असाच एका पाहण्यातून घडतो. तो कोठून पाहिला जातो, यावर त्यात कोण दिसतो आणि कोण दिसत नाही हे अवलंबून राहते.

आता दुसरी बाजू. रिक्षावरचा भोंगा आणि निमंत्रणपत्रिका यांच्या काळात आमच्या संस्थांची नजर सर्वांवर सारखी होती काय? मुळीच नव्हती. निमंत्रणपत्रिकांची यादी ज्यांनी कधी हाताने लिहिली आहे त्यांना ठाऊक आहे की ती यादी गावाच्या विशिष्ट पेठांतून, विशिष्ट आडनावांतून आणि विशिष्ट पेशांतून फिरत असे. पहिल्या दोन रांगा राखीव असत. ज्या भाषेत गावातील निम्मी माणसे घरी बोलत त्या अहिराणीला आमच्या रंगमंचावर जागा होती ती बहुधा गड्याच्या आणि मोलकरणीच्या तोंडी. याच अहिराणीतील गाणी आज यूट्यूबवर अफाट ऐकली जातात; ‘हाई झुमकावाली पोर’ या गाण्याने कोट्यवधींचा आकडा गाठला. ती कोणत्याही मान्यवर संस्थेने पुढे आणली नाहीत. खानदेशातून पोटासाठी सुरतेला, नाशिकला, कल्याणला गेलेल्या माणसांनी ती ऐकली, लग्नांत वाजविली, आणि त्यांखाली आपली मते अहिराणीतच लिहिली. ज्यांच्या भाषेला शाळेने शुद्धलेखनाच्या लाल शाईपलीकडे काही दिले नाही त्यांनी ती भाषा चारचौघांत लिहून दाखविली, हे या माध्यमाचे ऋण कोणत्याही समीक्षकाने मान्य करावयास हवे. या गाण्यांचा दर्जा हा स्वतंत्र प्रश्न आहे. आणि तो प्रश्न पहिल्यांदा विचारण्याचा अधिकार ज्यांनी त्यांना दार उघडले नाही त्या संस्थांना कितपत आहे, याची मला शंका आहे.

म्हणून जुना रसिक विरुद्ध नवा वापरकर्ता असा संघर्ष उभा करणे अप्रामाणिक ठरेल. यादी जुनीही होती आणि नवीही आहे. भेद असलाच तर एवढा की जुनी यादी आम्ही केली होती. तिच्यातील अन्यायाबद्दल आम्हाला कोणी जाब विचारू शकत होते आणि काहींनी तो विचारलाही. नवी यादी कोण करतो? जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की वापरणाऱ्यांना यापुढे संस्था आणि व्यवसायांच्या पानांपेक्षा आप्तमित्रांचे लेखन अधिक दाखविले जाईल. याचा अर्थ, ज्यांनी आपणहून एखाद्या मंडळाचे पान अनुसरले होते त्यांच्यापर्यंतही त्या मंडळाचा निरोप पोहोचेल याची खात्री राहिली नाही. ती हवी असेल तर पैसे भरावेत. खानदेशातील एखाद्या मंडळाने वर्षानुवर्षांच्या खटपटीने जमविलेल्या मायबापांना भेटण्यासाठी परदेशातील पेढीला दरवेळी मोबदला द्यावयाचा, आणि तोही का कमी-जास्त होतो हे विचारण्याची सोय नाही. डॅलस स्माइथ याने १९७७ मध्ये जाहिरातींवर चालणाऱ्या माध्यमांविषयी असे प्रतिपादन केले होते की ही माध्यमे खऱ्या अर्थाने जो माल विकतात तो म्हणजे प्रेक्षक. त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे वृत्तपत्रे, आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी होती. आज कलासंस्था आपल्या रसिकाला ‘आमच्या पानावर या’ असे आग्रहाने सांगते तेव्हा ती त्याला कोणाच्या दुकानात नेऊन उभी करते, हे तिला माहीत असते काय? माहीत नसेल तर ते अज्ञान क्षम्य आहे. माहीत असून ती तसे करीत असेल तर माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये हे कांटचे १७८५ मधले सूत्र तिला लागू करावे लागेल. कलेच्या व्यवहारात तरी ते लागू होऊ नये असे कोणी म्हणणार नाही.

या प्रश्नाचा याहून नाजूक पदर लोककलांच्या संदर्भात उलगडतो. आखाजीला खानदेशात सासुरवाशिणी माहेरी येतात. झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. या गाण्यांत सासरच्या माणसांवर जे बोल असतात ते माहेरच्या अंगणातच बोलता येतात. तेथे प्रेक्षक नसतोच. जी आहे ती गाणारी आहे, आणि जी आज ऐकते ती घटकाभराने गाईल. माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलेली हकीकत अशी : लोककलेचे जतन हा ज्यांचा खराखुरा हेतू होता अशा एका मंडळाने तिच्या गावी या गाण्यांचे चित्रीकरण केले आणि त्यातला तुकडा इन्स्टाग्रामवर टाकला. तुकडा गाजला. दोन दिवसांत तो फिरत फिरत गाणाऱ्या एका मुलीच्या सासरी पोहोचला. पुढच्या आखाजीला त्या मुलीला माहेरी धाडले नाही. त्या मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मुलींची परवानगी घेतली होती. पण परवानगी घेतली ती चित्रीकरणाची. सासूच्या कानांची परवानगी कोण कोणाकडून घेणार?

रसप्रतीतीतील सात विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने स्वगत-परगतत्वाच्या नियमाने होणाऱ्या देशकालविशेषाच्या आवेशाचा उल्लेख केला आहे. हे माझे, हे त्याचे, हे अमुक ठिकाणी अमुक वेळी घडले, अशी जाणीव शिल्लक राहिली तर साधारणीकरण होत नाही. पदव्युत्तर वर्गात हे विघ्न शिकविताना मी पूर्वी कृत्रिम उदाहरणे देत असे. आता ही सासू पुरते. तिने गाणे गाणे म्हणून ऐकले नाही. आपल्या सुनेचे आपल्याविषयीचे मत म्हणून ऐकले, आणि तिच्या बाजूने पाहिले तर दुसरे काही तिला शक्यही नव्हते. ज्या गाण्याभोवती माहेरच्या अंगणाची भिंत होती त्याची भिंत काढून घेतल्यावर ते गाणे कला राहील की पुरावा बनेल, हे संस्थेच्या हाती नव्हते. भिंत काढणे तेवढे तिच्या हाती होते. नाट्यगृहात हेच विघ्न दुसऱ्या दिशेने येते. प्रयोग चालू असताना प्रेक्षक फोन उचलून स्वतःच्या उपस्थितीची वार्ता देतो, आणि काही संस्था त्याला तसे करण्यास व्यासपीठावरून सांगतातही. मी येथे आहे, आज आहे, या नाटकाला आहे : देश, काल आणि स्व हे तिन्ही, जे प्रेक्षागृहाच्या अंधाराने घटकाभर काढून घेतले होते, ते त्याला पुन्हा परत दिले जाते.

मग संस्थांनी ही माध्यमे टाळावीत काय? तसे म्हणणे सोपे आहे आणि प्राध्यापकाला ते शोभूनही दिसते, पण खानदेशाचाच इतिहास मला तसे म्हणू देत नाही. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या हयातीत घराबाहेर फारशी गेली नाहीत. १९५१ मध्ये त्या वारल्या; सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखविली आणि १९५२ मध्ये गाणी छापून आली. जात्यावर आणि शेतात म्हटलेल्या त्या गाण्यांना श्रोता नव्हता म्हणून त्यांचे काही उणे झाले नाही, हे खरे. तो श्रोता पुढे मिळाला नसता तर आपले उणे झाले असते, हेही खरे. प्रसार ही क्षुद्र गोष्ट नव्हे. २०१८ पासून जिचे नाव आमच्या विद्यापीठाला लाभले आहे तिच्याविषयी दर २४ ऑगस्टला संस्था चित्रफलक पसरवितात, आणि त्यांतील एखादा तरी तिची नसलेली ओळ तिच्या नावावर खपवितो. तो प्रसार आणि अत्र्यांचा प्रसार यांत फरक असा की अत्र्यांनी आधी वही वाचली होती.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि तेथील छात्रालयाचे काम पाहत होते. त्या काळात ते मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. रोज हाताने लिहिलेले, एका प्रतीचे, एका इमारतीपुरते. आजच्या परिभाषेत त्याची पोहोच नगण्य म्हणावी लागेल. परंतु त्या दैनिकाच्या संपादकाला आपला प्रत्येक वाचक नावाने ठाऊक होता. कोण आजारी आहे, कोणाच्या घरून पत्र आलेले नाही, कोण रुसला आहे हे जाणून तो लिहीत होता. दीडदोनशे माणसांचा व्हॉट्सअ‍ॅपचा समूह रचनेच्या दृष्टीने या भिंतीवरच्या दैनिकापासून फार दूर नाही. तो चालविणाऱ्याला त्यातली माणसे माहीत असतील, मागच्या प्रयोगाला कोण आले नाही हे त्याच्या ध्यानात असेल आणि न बोलणाऱ्या सभासदाला तो प्रेत समजत नसेल, तर साधन नवे असूनही नाते जुनेच राहू शकते. कठीण एवढेच आहे की असा समूह वाढत नाही. किंवा वाढू दिला तर असा राहत नाही. नव्या माध्यमाची सगळी ओढ वाढीकडे आहे, आणि वाढ नाकारणाऱ्या संस्थेला ती आळशी ठरवते.

आमच्या कार्यकारिणीपुढे मी त्या गृहस्थांची हकीकत सांगितली तेव्हा चर्चा बरीच लांबली. एका माणसासाठी किती करावयाचे, असा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला, आणि तो प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. संस्थेकडे माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा. दुसरे म्हणाले, त्यांच्या मुलाचा क्रमांक घेऊ आणि समूहात घालू. मी म्हणालो, त्यांना विचारून घालू. अखेरीस ठरले ते असे की प्रयोगाआधी आठ दिवस बसस्थानकासमोर आणि ग्रंथालयाच्या पायरीशी खडूने लिहिलेला फळा ठेवावयाचा, आणि काही बदल झाला तर मूळ जागी एक माणूस उभा करावयाचा. फळ्याचे काम माझ्याकडे आले. माझे अक्षर बरे आहे. पुढच्या प्रयोगाला ते गृहस्थ आले होते की नाही ते मला सांगता येत नाही. त्या रात्री मी विंगेत होतो, आणि समोर प्रेक्षागृहातले दिवे मालवलेले होते.